पट किती?

माझ्या लेकीला, ईराला, किंडरगार्टनला म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला जागा मिळाली, हे मी आईला फोनवर सांगितलं. तिनं शाळेचं नाव विचारलं नाही, शाळा घरापासून किती लांब हेही विचारलं नाही. म्हणाली, "पट किती?"

आई माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शाळा म्हटलं की तिच्या डोक्यात आधी पटाचा, म्हणजे मुलांच्या संख्येचा, आकडा येतो. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, ठरायची. एक पोर कमी पडलं तरी शिक्षक अतिरिक्त ठरायचा आणि समायोजनाचा, म्हणजे दुसऱ्या शाळेवर पाठवल्याचा, कागद हातात पडायचा. जूनमध्ये ती वस्त्यांवरून फिरून पोरं गोळा करायची. मेंढपाळांची मुलं पावसाळ्यानंतर आईबापांसोबत खाली उतरायच्या आत पटावर यायला हवीत, हा तिचा वर्षाचा मोठा हिशोब. पुढं गावात इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी यायला लागली. सकाळी तिचा हॉर्न वाजला की आई भाकरी थापता थापता थांबायची आणि कोण कोण चढलं ते खिडकीतून मोजायची.

आता तिची नात न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या बसनं शाळेत जाते. पण मधल्या वर्षभरात काय झालं ते सांगते.

आम्ही क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहतो. सात नंबरच्या ट्रेनचा लोखंडी पूल घरापासून तीन गल्ल्यांवर. ७४व्या रस्त्यावर सोनं, साड्या, मोमो आणि फोनची कार्डं एका रांगेत मिळतात. माणसं किती, तर आमच्या छोट्या गल्लीतल्या प्रत्येक दुमजली घराला चार-पाच टपालपेट्या. या शहरात मूल ज्या कॅलेंडर वर्षात पाच वर्षांचं होतं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते किंडरगार्टनला जातं. ईरा डिसेंबर २०१८ची. म्हणजे २०२३च्या सप्टेंबरात, पावणेपाच वर्षांची असतानाच, तिला जायचं होतं. अर्ज ऑनलाइन. बारापर्यंत शाळा पसंतीक्रमानं भरता येतात, पण प्रत्येक पत्त्याला सहसा एक झोनची, म्हणजे त्या भागासाठी ठरलेली, शाळा असते आणि त्या झोनमधल्या मुलांना तिथं प्राधान्य मिळतं. त्यामुळं बाकी अकरा जागा लोक जेवणात लोणचं वाढावं तशा भरतात. आम्ही तर चारच भरल्या.

झोनची शाळा चालत सात मिनिटांवर. हिवाळ्यात तिथं पालकांना शाळा दाखवायचा कार्यक्रम होता, तेव्हा माझा नवरा निखिल आणि मी गेलो. खेळाच्या मैदानात दोन लांबट कंटेनर उभे होते, खिडक्या असलेले, बाहेर लाकडी पायऱ्या. मला वाटलं बांधकामाचं ऑफिस असेल. तेवढ्यात एका कंटेनरचं दार उघडलं आणि आतून एकमेकांच्या जॅकेटला धरून मुलांची रांग बाहेर आली, बाथरूमला जायला. ते वर्गच होते. तात्पुरते म्हणून आणून ठेवलेले आणि मग तिथंच राहिलेले. कॅन्टीनमध्ये मुलं जेवत होती. घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सगळ्या शाळेला एका कॅन्टीनमध्ये बसवायचं तर पाळ्या कराव्या लागतात, आणि पहिली पाळी कुणाच्या तरी वाट्याला येणारच. मी निखिलकडं बघितलं. तो म्हणाला, "इडली देऊ, नाश्ता समजेल ती."

तरी शाळा मला आवडली. भिंतीवर सतरा भाषांत 'सुस्वागतम' लिहिलेलं. सतरा हा आकडा मी मोजून काढला, मराठी त्यात नव्हती. एक बाई सगळ्यांशी हसून बोलत होत्या. त्या पॅरेंट कोऑर्डिनेटर. हे पद इथल्या शाळांत खास पालकांसाठी असतं. त्यांना मी विचारलं, झोनमध्ये राहतो म्हणजे जागा मिळणारच ना? त्या पुन्हा हसल्या. त्या हसण्यात उत्तर होतं, ते मला वसंतात कळलं.

ईमेल आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. झोनच्या शाळेत वेटलिस्ट, नंबर २३. ऑफर मात्र आली होती, आमच्याच शालेय डिस्ट्रिक्टमधल्या, पण क्वीन्समधल्याच लाँग आयलंड सिटीच्या बाजूच्या एका शाळेची. ती आम्ही भरलेलीसुद्धा नव्हती. झोनची शाळा भरली की जिथं जागा आहे तिथं पाठवतात. नंबर २३ म्हणजे काय, हे पॅरेंट कोऑर्डिनेटरबाईंनी फोनवर नीट समजावलं. किंडरगार्टनच्या एका वर्गात शिक्षक संघटनेच्या करारानं जास्तीत जास्त २५ मुलं. वर्ग तितकेच, कारण खोल्या तितक्याच. आणि २०२२चा राज्याचा नवा कायदा हळूहळू लागू झाला की किंडरगार्टन ते तिसरीपर्यंत हीच मर्यादा २० वर येणार. "चांगलाच कायदा आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक वर्गातली ती पाच मुलं मी कुठं बसवू?" नवीन कंटेनर आणता येईल, असं मी म्हणाले नाही.

याच शहरात सरकारी शाळांमधली मुलं कमी होत चालली आहेत, ही बातमी मी त्याच आठवड्यात वाचली. कोविडच्या आधी दहा लाखांच्या वर होती, ती नऊ लाखांच्या आसपास आली. म्हणजे एकीकडं मैदानात कंटेनर आणि दुसरीकडं रिकामे वर्ग. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं. पण सरासरीच्या शाळेत कुणी जात नाही.

आता कबुली द्यायची वेळ. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी मार्चमध्येच एका चार्टर शाळेच्या लॉटरीत ईराचं नाव घातलं होतं. फॉर्म भरायला सहा मिनिटं लागली. फी नाही, मुलाखत नाही. १ एप्रिलपर्यंत अर्ज, मग कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढतो. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण सरकारी शिक्षण खात्याबाहेरच्या संचालक मंडळानं चालवलेली शाळा. न्यूयॉर्क राज्यात त्यांचा कायदा १९९८ साली झाला. आज शहरातल्या सरकारी पैशावरच्या शाळांतल्या साधारण सात मुलांमागे एक तिथं शिकतं. गंमत अशी, की ही कल्पना १९८८ साली ज्यांनी गाजवली ते अल्बर्ट शँकर शिक्षक संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, आणि लहानाचे मोठे झाले ते इथंच, लाँग आयलंड सिटीत. शिक्षकांनी सरकारी व्यवस्थेच्या आतच छोटे प्रयोग करावेत, असं त्यांच्या मनात होतं. पुढं चार्टर शाळा सरकारी शाळांच्या प्रतिस्पर्धी होऊन बसल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच त्या कल्पनेकडं पाठ फिरवली.

लॉटरीत आमचा वेटलिस्ट नंबर ८७. मी तो विसरून गेले. आईला तर सांगितलंच नव्हतं.

मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. ऑफर आलेल्या शाळेच्या प्रिन्सिपल स्वतः बोलत होत्या. "तुम्ही अजून नाव नोंदवलेलं नाही. एकदा येऊन बघून तर जा." बारा वर्षांत या शहरात मला काहीतरी घ्या म्हणून विनवणारे क्रेडिट कार्डवालेच भेटले होते. शाळेच्या प्रिन्सिपल विनवतात हे नवीन होतं. पण तो स्वर ओळखीचा वाटला. जूनमधल्या उन्हात वस्तीवरच्या दारात उभी राहून आई ज्या स्वरात बोलायची, "पोरीला पाठवा, पुस्तकं फुकट आहेत, खिचडी आहे," तोच.

जायच्या आदल्या रात्री पत्ता फोनमध्ये टाकला तर तो आधीच कुठंतरी भरलेला दिसला. मीच मार्चमध्ये भरला होता. चार्टर शाळेचा पत्ता आणि या शाळेचा पत्ता एकच.

इमारत जुनी, विटांची, तीन मजली. दोन दारं. डावीकडच्या दारावर सरकारी शाळेचा नंबर, उजवीकडच्या दारावर नवा निळा फलक. एका इमारतीत दोन शाळा हा प्रकार इथं महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात फोफावला. सरकारी शाळेतली मुलं कमी झाली की रिकाम्या खोल्या चार्टरला. २०१४च्या राज्याच्या कायद्यानं तर शहरानं नव्या चार्टर शाळांना जागा द्यावी, नाहीतर भाडं भरावं, असं ठरलं. व्यायामशाळा एक, कॅन्टीन एक, आणि कुणी कधी वापरायचं ते ठरवायला दोन्ही प्रिन्सिपलांची एक समिती. आपल्याकडच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून जे चालतं, तेच इथं व्यायामशाळेवरून.

डावीकडून आत गेलो. दुसऱ्या मजल्यावर किंडरगार्टनचा वर्ग. खोली मोठी, उजेड भरपूर, भिंतीवरचा पिवळा रंग कोपऱ्यात पोपडे धरलेला. खुर्च्या सतरा. खिडकीशी काचेच्या पेटीत एक कासव होतं. ईरा त्याच्यासमोर उकिडवी बसली ती उठेचना. शिक्षिका साठीच्या जवळ आलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्या खाली बसल्या नाहीत, पण ईराच्या हातात गाजराचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "तो सावकाश खातो. घाई करू नकोस." मग आमच्याशी बोलल्या. एकूण दहा मिनिटं आम्ही तिथं होतो. कासवानं तेवढ्यात गाजराचा एक चावा घेतला.

तिसऱ्या मजल्याचा जिना दाराआडून दिसत होता. पायऱ्यांना ताजा राखाडी रंग. वरून निळ्या टीशर्टमधली मुलं रांगेत उतरली, तोंडावर बोट. सगळी एका ओळीत, एका अंतरावर. निखिलला ते फार आवडलं. मला काय वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही.

जूनमध्ये नाव नोंदवलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पत्त्याच्या पुराव्यात. दोन पुरावे हवेत. एक पगाराची पावती होती. विजेचं बिल घरमालकांच्या नावावर, आणि भाड्याचा लेखी करार कधी केलाच नव्हता. अशा वेळी घरमालकांनी नोटरीसमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र चालतं. आमचे घरमालक चाचा बांगलादेशातल्या सिल्हेटचे, वयस्क, पाच वेळा नमाज पढणारे. ईराला दर ईदला दहा डॉलर देतात. पण कागद बघून त्यांचा चेहरा उतरला. खाली बेसमेंटमध्ये दोन कुटुंबं राहतात. कागदावर ती नाहीत. शाळेचा कागद म्हणजे शहराचाच कागद, आणि शहराचा माणूस एकदा दारात आला की तो वरचा मजला बघून परत जात नाही. चार दिवस त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मीही जिना उतरताना त्यांच्या दाराकडं बघायचं टाळलं. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच दार वाजवलं. ७४व्या रस्त्यावर एका विमानतिकिटांच्या दुकानात एक माणूस नोटरी करतो. राज्याच्या कायद्यानं फी दोन डॉलर. त्यानं शिक्का मारला, आणि चाचांनी वर तीन डॉलरचा चहा पाजला. "आमच्या नातवालाही तुमच्यासारखंच झोनमध्ये घेतलं नाही," ते हिंदीत म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं.

मग तो दुसरा फॉर्म. घरी कुठली भाषा बोलता? मूल कुठली भाषा समजतं, कुठली बोलतं? आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याबद्दल पक्कं मत आहे: इंग्लिश लिही आणि मोकळी हो. दुसरी भाषा लिहिली की इंग्रजीची चाचणी घेतात, आणि त्यात कमी पडलं तर मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत टाकतात. "पोरगी इथं जन्मली, आणि तिला इंग्रजी येत नाही असं लिहून देणार?" एकीनं विचारलं. निखिलचंही तेच म्हणणं. मी मराठी लिहिलं. तत्त्वबित्त्व काही नाही. घरी ईरा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मराठीत भांडते, दुसरं काय लिहिणार? शाळेची पत्रकं बंगालीत आणि उर्दूत येतात. ती मी चाचांकडं आणि शेजारच्या पाकिस्तानी बाईंकडं देते. मराठीत कधी काही आलं नाही, निदान एका फॉर्मवर तरी ती उमटली.

सप्टेंबरात चाचणी झाली. ईरानं घरी येऊन सांगितलं, "बाईंनी चित्रं दाखवली. मी काही बोललेच नाही." का? "त्यांनी माझं नाव चुकीचं म्हटलं." झालं. पहिल्या फटक्यात पास व्हायला जी वरची पातळी लागते, तिच्या खाली ती राहिली. आता रोज थोडा वेळ इंग्रजीच्या वेगळ्या शिक्षिका तिच्या वर्गात येतात. ईराला त्या आवडतात, कारण त्या नाव बरोबर घेतात. आणि शहराच्या निधीवाटपाच्या सूत्रात इंग्रजी शिकणाऱ्या मुलामागे शाळेला जास्त पैसे मिळतात. प्रिन्सिपलबाईंनी मला जिन्यात थांबवून हात हातात घेतला तो त्यामुळं की काय, देव जाणे.

पण मी पुढं पळाले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चार्टरमधून फोन आला होता. नंबर ८७ वर येऊन पोहोचला होता. ४८ तासांत कळवायचं. निखिल आणि मी त्या दोन रात्री भांडलो. त्याचं म्हणणं सरळ: तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांचे राज्याच्या परीक्षेतले निकाल दुसऱ्या मजल्याच्या कितीतरी वर आहेत, आणि दिवस चार वाजता संपतो, आपल्या दोघांच्या नोकऱ्यांना बरं. या दोन्ही गोष्टी खऱ्या. मी म्हणाले, वर वर्गात २९ मुलं आहेत आणि खाली सतरा. तो म्हणाला, "खाली सतराच का आहेत, याचा विचार कर की." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या मनात तोंडावर बोट ठेवलेली ती रांग होती. पण मी स्वतःही शाळेत तोंडावर बोट, हाताची घडी करूनच वाढले. माझी आईच तसं बसवायची.

तेव्हा आईला फोन लावला. लॉटरीचं पहिल्यांदाच सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तूही अर्ज भरलास तर." मी म्हणाले, भरला. "बरोबर केलंस," ती म्हणाली. "पोरासाठी माणूस सगळीकडं भरतो. माझ्या गावातल्या बायकांनीही तेच केलं. मी उगीच त्यांच्यावर चिडले." आणि मग, "खालचा पट सतरा म्हणालीस? शिक्षक किती?"

शेवटी ठरवलं ईरानं. आम्ही विचारलं, वरची शाळा की खालची? तिनं विचारलं, "वर कासव आहे?"

७ सप्टेंबरला शाळा सुरू झाली. २९ सप्टेंबरला शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, भुयारी गाड्या बंद पडल्या, रस्त्यांना नद्यांचं रूप आलं. शाळा मात्र चालूच होत्या. बस आली नाही. मी दोन तास चालत, कधी गुडघाभर पाण्यातून, ईराला आणायला गेले. दोन्ही दारांपाशी पालकांची एकच गर्दी होती. निळे टीशर्ट आणि बिनगणवेशाची मुलं एकाच पायरीवर बसून एकमेकांचे बूट पिळत होती. वरच्या मजल्यावरच्या एका आईनं मला तिची छत्री दिली. ती छत्री अजून माझ्याकडंच आहे.

ऑक्टोबर सुरू झाला आणि शाळेचं वागणं बदललं. ३१ ऑक्टोबरला शाळेच्या रजिस्टरवर जितकी मुलं, त्यावर वर्षाचं अंदाजपत्रक पक्कं होतं. अंदाजापेक्षा मुलं कमी निघाली तर पैसे परत करायचे, असा नियम. कोविडनंतर काही वर्षं ही वसुली माफ होत आली, पण मोजणी चुकलेली नाही. प्रिन्सिपलबाई सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावानं हाक मारत होत्या. नव्यानं आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या मुलांची नावं त्या हातावर पेननं लिहून पाठ करत. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमचा पट ३१ ऑक्टोबरचा होय. आमच्यापेक्षा महिनाभर जास्त मिळतोय."

मग २०११ची आठवण निघाली. त्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. एकच पोर दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. आईच्या शाळेत पट पूर्ण निघाला. तरी तिला ती शाई अजून टोचते. "पोरं घरी जाऊन घासत होती गं. आपण काय चोरलं, असं विचारत होती."

३१ ऑक्टोबर म्हणजे इथला हॅलोविन. ईरा कासव झाली होती. पाठीवर हिरवा पुठ्ठा, त्याला वहीच्या दोऱ्या. दुपारी ती बसमधून उतरली तेव्हा पुठ्ठ्याचा एक पाय तुटला होता. आई व्हिडिओवर होती, तिच्याकडं रात्रीचे दीड वाजले होते. मुद्दाम जागी राहिली होती.

"काय मग, झाली मोजणी? पट किती?"

"सोळा."

"सतरा होता ना? एक कुठं गेलं?"

मी काही बोलायच्या आत ईरानं कॅमेऱ्यात तोंड घातलं. "आजी, मतेओ वर गेला."

आईचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! काय झालं त्या लेकराला?"

"वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर गं, आई."